स्लॅबचं पाणी

३१ मार्च १९८३, गुरुवार
दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी लातुरात हजर झालो. नांदेडहून एस.टी. वीस मिनिटं उशिरा सुटली होती, पण अहमदपूरच्या पुढे ड्रायव्हरनं ती भरून काढली. मन प्रसन्न आहे. जिल्हा होऊन अजून वर्ष झालेलं नाही. कचेरीच्या पाटीवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलंय, आणि नव्या रंगाखालून जुनी अक्षरं दिसतातच. रंगाचा एकच हात दिलाय. दोन द्यायला पाहिजे होते.

रेणापूर रस्त्याला सरकारी कचेरीची इमारत होत आहे, तिच्यावर तपासनीस म्हणून माझी नेमणूक. मी सातवी पास. वीस वर्षांपूर्वी घमेलं उचलत या खात्यात शिरलो, गवंड्यांच्या हाताखाली शिकलो, रद्दीतून पुस्तकं आणून वाचली आणि चाळिशीत खात्याची परीक्षा दिली. विष्णुपुरीच्या धरणावर पदवीवाली पोरं मला विचारून गज बांधत. हे कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे, म्हणून इथं लिहिलं.

ठेकेदार रेवणप्पा उदगीरकडचा. हसतमुख, पान खाणारा. म्हणाला, सोनकांबळे साहेब, आमच्या कामात बोट घालायला जागा न्हाई. मी तिथल्या तिथं विटांच्या सांध्यात बोट घातलं. दोन पेरं आत गेलं. तो हसायचा थांबला. राहायला कामावरच पत्र्याची खोली आहे, एक खाट, एक रांजण. मला एवढं पुष्कळ.

४ एप्रिल, सोमवार
आज स्लॅब ओतला. सकाळी गजांमधलं अंतर मोजलं तर सहा इंचांच्या जागी आठ. चौतीस गज सोडवून पुन्हा बांधायला लावले. मुकादम शंकरप्पा कुरकुरला की साहेब, हे सगळं काँक्रीटखाली जाणार हाय, कोण बघून राहिलंय? मी म्हणालो, मी.

घमेल्यांच्या रांगेत नागुबाई नावाची म्हातारी आहे. उजव्या हाताची करंगळी अर्धीच, मिक्सरमध्ये गेली म्हणे. जीभ मात्र पूर्ण शाबूत. मी लेव्हलची नळी लावायला लागलो की तिचं सुरू होतं, ‘सायब, माणसालाबी नळी लावून बघता का वो, सरळ हाय का वाकडं?’ सगळी रांग हसते. मीही आज हसलो. दिवस मावळायच्या आत काम संपलं. एकही सांधा न ठेवता.

५ एप्रिल, मंगळवार
स्लॅबवर काळ्या मातीचे बांध घालून सहा वाफे केले आणि प्रत्येकात चार बोटं पाणी भरलं. एकवीस दिवस हे पाणी हटता कामा नये. काँक्रीट पाणी पिऊनच घट्ट होतं. उपाशी राहिलं तर वरून दगड दिसतं आणि आतून बिस्किट. पंचवीस तारखेला खालचे टेकू काढायचे.

अडचण टँकरची. विहिरी कोरड्या, दिवसाला एकच टँकर येतो. मी ठरवून दिलं की मजुरांना एक पिंप, बाकी स्लॅबला. मजूर बायापोरांसकट स्लॅबखालीच टेकूंच्या सावलीत राहतात. म्हणजे हे पाणी त्यांच्याच डोक्यावरच्या छताचं आहे. एवढं त्यांना समजत नाही.

९ एप्रिल, शनिवार
पाणी चोरीला जातंय. उन्हानं दिवसाला अर्धं बोट जातं, मी मोजलंय. आज दोन बोटं कमी. बांधाच्या मातीत गुडघ्यांच्या खुणा. कुणीतरी बारा ते एकच्या सुट्टीत शिडीनं वर चढतं.

संध्याकाळी नागुबाई आली. तिची सून सिंधू बाळंत होऊन नऊ दिवस झालेत, दूध उतरत नाही, दोन घागरी जास्त द्या म्हणाली. मी तिला काँक्रीटचं सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, ‘तुमचा सलाब पितो ते दिसतंय सायब, माझी सून काय पिती ते बी बगा की.’ मी नाही म्हणालो. एकीला दिलं तर चाळीस जणांना द्यावं लागेल.

झोप आली नाही. आमच्या गावच्या विहिरीवर माझ्या बापाला वरून ओंजळीत पाणी ओतायचे. ते आठवायचं आज काही कारण नव्हतं.

१३ एप्रिल, बुधवार
पुन्हा दोन बोटं. विचारलं तर सगळे खाली मान घालतात. पण मला एक युक्ती सुचली आहे आणि ती सुचल्याचा मला आनंद आहे. पाण्यात चुना कालवायचा. स्लॅबला त्यानं अपाय नाही. माणूस तर पानात रोज खातोच. पण जो पिईल त्याचे ओठ पांढरे होतील आणि चोर आपल्या तोंडानं सापडेल. सांगितलं तर कुणी पिणार नाही, म्हणून फक्त शंकरप्पाला सांगितलं. कोठीतला भिजवलेला चुना घे म्हणालो. उद्या जयंतीची सुट्टी, परवा सकाळी टाकायचा.

१४ एप्रिल, गुरुवार
वस्तीत जयंती. मला दोन शब्द बोलायला लावलं. शिकलो म्हणून इथं उभा आहे, असं बोललो. टाळ्या पडल्या.

१५ एप्रिल, शुक्रवार
सापडला चोर. एक वाजता सगळ्यांना ओळीनं उभं केलं. नागुबाईच्या ओठांवर पांढरा थर, हनुवटीपर्यंत ओघळ. पदराखाली लोटा, तोही वाफ्यातून भरलेला. तो मी ओतून दिला. सुनेसाठी नेत होती म्हणे, असं दुसऱ्या बाया म्हणाल्या. ती स्वतः एक अक्षर बोलली नाही. एरवी नळीवरून टोमणे मारणारी बाई, आज तोंडात मिठाची गुळणी. मी तीनदा विचारलं. नुसती बघत राहिली, गळ्याला हात लावून. गप्प म्हणजे कबूल, असं सगळ्यांसमोर म्हणालो आणि तिला कामावरून काढलं. भर उन्हात रेणापूरच्या दिशेनं चालत गेली. सिंधू आणि लेकरू इथंच आहेत, मुलगा ऊसतोडीला गेलाय.

शिस्त बसेल आता.

१८ एप्रिल, सोमवार
नागुबाई काल गेली. शंकरप्पानं सांगितलं. घसा आतून जळला होता, तीन दिवस थेंबभर पाणी उतरलं नाही. ती बोलली नाही असं नाही. तिला बोलता येत नव्हतं.

मी कोठीत गेलो. चुन्याच्या पेटीत हात घातला. भिजवलेला नव्हता. कळीचा होता, खडेच्या खडे. पाण्यात पडला की उकळतो तो. शंकरप्पा म्हणाला, ‘तुमी चुना म्हनलात, मी चुना टाकला. तुमी बगितला नव्हता व्हय?’

नव्हता बघितला. गजांचं अंतर मोजलं, विटांत बोट घातलं, वाळू चाळून घेतली. चुना तेवढा बघितला नाही.

रेवणप्पा म्हणाला की ऊन लागलं म्हातारीला, विषय संपला. कामाच्या रजिस्टरात आजच्या तारखेला फक्त ‘पाणी चार बोटं’ एवढं लिहिलं. वाफे धुऊन नवं पाणी भरलं.

२० एप्रिल, बुधवार
एक वाजता वर गेलो. पाणी तीन बोटं कमी. खालून गळती आहे का पाहिली, छत कोरडं. मजुरांतलं कुणी आता वर जात नाही, तिकडे बघतही नाही. रजिस्टरात चार बोटं लिहिलं. वीस वर्षांतली पहिली खोटी नोंद. खरी लिहिली तर पाणी का गेलं विचारतील. मग चुना निघेल.

२१ एप्रिल, गुरुवार
बारा ते एक शिडीच्या पायथ्याशी स्वतः बसलो. कुणी चढलं नाही. वर आवाज येत होता, जनावर हौदाला तोंड लावतं तसा. एकला वर गेलो. दोन वाफे रिकामे.

टँकरवाल्याकडून पुन्हा भरून घेतलं. चार बोटं लिहिलं.

२२ एप्रिल, शुक्रवार
बाराला शिडी काढून खोलीत आणली. कुलूप लावलं. किल्ली मुठीत.
एकला शिडी लावून चढलो. सहाही वाफे रिकामे. ओल्या मातीवर गुडघे, आणि उजव्या हाताचा पंजा.
चार बोटं पूर्ण. करंगळी अर्धी.
मी मोजायचा टेप लावला. लावायला नको होता. सवय आहे.

२३ एप्रिल, शनिवार
काँक्रीट पांढरं पडलंय. हातोडीनं ठोकलं. खणखणीत वाजायला पाहिजे, बद्द वाजलं. दुसऱ्यांदा ठोकलं तेव्हा आतून कुणीतरी ठोकलं. एकदाच. मी जेवढं जोरात, तेवढंच.

रेवणप्पाला सांगितलं, टेकू आणखी पंधरा दिवस राहू दे, स्लॅब कच्चा आहे. तो म्हणाला सोमवारी काढायचे, वरची माणसं बघायला येऊन राहिली. मी पुन्हा म्हणालो. त्यानं रजिस्टर उघडून माझ्यासमोर धरलं. ‘रोजचं पाणी तुमच्याच अक्षरात हाय साहेब. कच्चा कसा? कारण लिवून द्या.’

कारण एकच आहे. ते लिहिलं की माझी वीस वर्षं गेली. नाही लिहिलं तर खाली चाळीस माणसं झोपतात.

लिहिलं नाही. उद्या लिहीन.

खोलीवर आलो. रांजणावरचं झाकण बाजूला. तांब्याच्या काठावर पांढरं उमटलेलं. ओठ. राखेनं घासला, तीनदा. तहान फार. प्यालो.

२४ एप्रिल, रविवार
आवाज नाही. घसा आतून—
शंकरप्पाला हाक मारायला गेलो, नुसता वारा निघाला. आरशात ओठ पाहिले. पुसले. परत आले.

रजिस्टरात लिहिलं. सगळं. चुना, तपासला नाही हे, नागुबाई, वीस तारखेपासूनच्या खोट्या नोंदी. खाली सही, तारीख, वेळ. एकही खोडलेली ओळ नाही. रेवणप्पाकडे नेलं. त्यानं ते पान वाचलं, पान चघळत. माझ्याकडे बघून विचारलं, तोंडानं बोला की, टेकू काढू ना उद्या? मी हात हलवले. मान हलवली. तो हसला, म्हणाला, गप्प म्हणजे कबूल.

माझंच वाक्य.

२५ एप्रिल, सोमवार
सकाळी नऊ. पूर्वेकडून टेकू काढायला लागले. मजूर बाहेर आलेत, सिंधू तेवढी आत. लेकरू नुकतं झोपलंय म्हणे. मी खुणा केल्या. ती म्हणाली, ‘आत्याला हाकललंत, आता आमाला बी? न्हाई उठत जा.’ पाटीवर लिहून दाखवलं. तिला वाचता येत नाही.

म्हणून मी तिच्याजवळ येऊन बसलोय, रजिस्टर काखेत. सरकारी माणूस खाली बसलाय म्हटल्यावर थांबतील. इथूनच लिहितो.

थांबत नाहीत. रेवणप्पा पलीकडून ओरडतो, साहेबांनी स्वतः खाली बसून पास केला रे, काढा.

ठोकठोक जवळ आली. आठवी रांग. सातवी.

वर तो आवाज. पिण्याचा. सिंधूला ऐकू येत नाही बहुतेक. वहीवर थेंब पडला, पांढरा. पाणी दिलंच नाही वर आज, मग कुठून—

सिंधूनं वर पाहिलं. कुणाशी तरी बोलली. हां आत्या म्हणाली. लेकराला उचललं, उठली. मला म्हणाली आत्या बोलवून राहिल्या, जाते. तिच्या हातात रजिस्टर दिलं. छातीशी धरलं तिनं, लेकराच्या बाजूला. चालतेय. उन्हात पोचली. पोचली.

बरं झालं. मीही उठ—

उठता येत नाही. उजव्या खांद्यावर वजन. ओलं. बघितलं नाही. मोजलं, न बघता. एक, दोन, तीन, चार, आणि
अर्ध