मुंग्यांच्या घरातला भुंगेरा

डोंबिवली, गुरुवार, १९५३

सासूबाईंच्या नेमाप्रमाणे संध्याकाळी तुळशीमागच्या मुंग्यांना पीठसाखर घातली. तो तांबूस भुंगेरा आजही त्यांच्यात होता. एक मुंगी त्याला घास भरवत होती, पोटच्या पोराला भरवावा तसा.

हे शाळेत शास्त्र शिकवतात, म्हणून काल यांना विचारलं होतं. म्हणाले, "तो बाहेरचा. मुंग्यांचा वास अंगाला लागला की त्या त्याला आपलाच समजून पोसतात."

"मग त्याला आपलं घर आठवत असेल का हो?"

"अगं, भुंगेऱ्याला कसलं आलंय घर!" हे हसले. मला नाही हसू आलं.

इथे मला काही कमी आहे का? नाही. खोटं कशाला लिहू? सासूबाई माझ्या भातावर तूप जास्तच वाढतात. लग्नात माझं नाव सुनंदा ठेवलं, तेही अंगवळणी पडलं. पण माहेरचं कुणीतरी येऊन 'यमू' म्हणून हाक मारावी, यासाठी जीव नुसता तुटतो.

आणि आज देवगडहून माझा दादा आला, न कळवता. फाटकातूनच ओरडला, "यमू! अगं यमू!"

मी भुंगेऱ्याकडेच बघत बसले होते. मनात आलं, शेजारी कुणाकडे तरी पाहुणे आलेत वाटतं.