धुरातली मरळ आणि म्हशीची साय

पौष शुद्ध द्वितीया, सोमवार, शके १८५६. औंढे.

मारुतीनं घोळ घातला! लोणावळ्याला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला आहे माझा लेक, पण अजून कायम नाही. शनवारी तिथं मेजवानी. मड्डमेला पाहिजे धुरात शेकलेला मासा, सायीत कालवलेला. भाजल्या पावावर लावून खातात म्हणे. तिच्या मुलखातनं त्याचे डबे यायचे, ते औंदा फुगलेले निघाले. ती कपाळाला हात लावून बसली, तर आमचा शहाणा तिला म्हणला, "त्यात काय बाईसाब, माजी आई रोज करती!"

रोज! जल्मात केलं नाही मी!

"आये, मग काय म्हनू? मुंबईचा खानसामा आणायचं तिच्या मनात हाय. हे जमलं तर मी कायम, न्हाई तर गिरणीत जातो बिऱ्हाड घिऊन."

बिऱ्हाड म्हणजे सून आणि माझी नात शालू. चार वर्षांची. आत्ता मांडीवर बसून ह्याच पानावर बोट फिरवतेय, म्हणून अक्षर असं. (तशी अक्षराला नावं ठेवायला जागा आहेच. भावाच्या पाटीवर शिकले तेवढंच.) हिला मुंबईला पाठवू? मासा सायीतच काय, गुळात कालवायला सांगा!

तृतीया, मंगळवार

साय मागायची म्हणजे वन्संना सांगणं आलं. धोंडाबाई वन्सं — ह्यांची थोरली बहीण, आमच्यातच राहतात. म्हशीचं दूधदुभतं सगळं त्यांच्या हातात. शिंक्याला आम्ही हात लावायचा नाही.

ऐकलं आणि ताडकन उठल्याच. "मासा आन् दूध? झुंबरे, कोड फुटंल कोड! पांढरी फटक व्हशील!"

"आपन कुटं खानार, वन्सं? साहेब खानार. त्यो आदीच पांढरा हाय."

हसू आलं होतं त्यांना. बघितलं मी. गिळलं! मग साय कबूल केली, दही बांधून चक्काही देते म्हणल्या. पण शालूच्या डोक्यावर माझा हात ठेवून वदवून घेतलं — घरातल्या कुणी बोट लावायचं नाही. मी "व्हय" म्हणले. हात मात्र शालूच्या डोक्यावर नव्हता, टोपड्याच्या गोंड्यावर होता. तेवढं चालतं.

चतुर्थी, बुधवार

मासे धरायला गेलेला चाँदभाई धरणावरनं रिकामा आला. सुनेनं मुंबईसाठी गाठोडं बांधायला घेतलं. ती पाण्याला गेल्यावर मी सोडून ठेवलं.

पंचमी, गुरुवार

दोन मरळी! मनगटाएवढ्या! चाँदभाई म्हणला, "मावशी, साहेबाच्या कानावर घाल, मासळी कुनाची ती." म्हणलं घालते बाबा, आधी धुरी तर घालू दे.

परसात तीन दगड मांडले, वर तारेला मरळी टांगल्या, मीठ चोळून. पहिलीला शेणीचा धूर दिला. चाखायची सोय नाही, वास घेतला — गोठा! नुसता गोठा! ती गेली कुत्र्याला, आणि कुत्र्यानंही लय विचार केला.

दुसरीला मग भाताचं तूस ओलं करून निखाऱ्यावर घातलं, जांभळीची फांदी वर. धूर असा उठला की शेजारचा अंबाजी पाण्याची घागर घेऊन धावत आला. "काकू! घर पेटलं!"

"घर न्हाई रं मुडद्या, मासा हाय! टाक घागर खाली! हळू टाक!"

दुपार कलली तशी मरळ गुळाच्या रंगाची झाली. वास काय सुटला! वन्सं तीनदा परसात येऊन गेल्या. एकदा सरपणाला, एकदा राखुंडीला, एकदा तर काही कामच सांगितलं नाही.

षष्ठी, शुक्रवार

काटे काढता काढता डोळे गेले. मासा हातानं मोकळा केला, चक्का, साय, लिंबू, मिरं. मारुतीनं बजावलं होतं, "मड्डमेला मिरची सोसत न्हाई." बघू तरी किती सोसत नाही! एक हिरवी, बारीक, वाटून घातली.

आता खरं सांगू? चाखलं. बोटभर. मीठ कळायला नको का? मग दुसरं बोट, पहिल्या बोटानं नीट कळलं नाही म्हणून. आई गं! काय लागतं! जिभेवर लोणी नि घशात चुलीचा वास.

मग भ्याले. उन्हात बसून दोन्ही दंड बघितले. काही नाही. पाठ दिसत नाही, ती देवाच्या भरवशावर.

गाडगं भरून, झाकून, पाण्याच्या परातीत ठेवलं गारव्याला.

सप्तमी, शनवार

घात झाला. सकाळी झाकण काढलं तर गाडगं अर्धं!

"मांजर," वन्सं म्हणाल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या! "तुजंच पाप मांजर हून आलं."

मांजरानं झाकण परत ठेवलं? पण भांडायला वेळ कुठं होता. मारुती न्यायला येणार, भर घालायला मासा शितभर शिल्लक नाही, शालूची आई कोपऱ्यात डोळे पुसतेय. परसात नजर गेली — वांगी! भरताची, चांगली काळीभोर. त्याच तुसाच्या धुरात दोन भाजली, सालं काढली, बी खरवडलं, पाट्यावर घोटून गाडग्यात कालवली. रंग तोच. धूर तोच. मासा निम्मा! वन्सं दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

मारुतीला सांगितलं तर म्हणला, "आये, मेलो."

"मरशील ते परत आल्यावर मर. आत्ता चाल."

रात्र होतेय. अजून पत्ता नाही त्याचा.

अष्टमी, रविवार

कायम! कायम! कायम!

साहेब लोकांनी बशा बोटांनी पुसल्या म्हणे. एक जाडा साहेब मिरचीनं लाल झाला, नाक पुसलं, आणि पुन्हा वाढून घेतलं. मड्डम मारुतीला म्हणाली, असं तर आमच्या गावीही कुणाला येत नाही. (कसं येईल? वांगी कुठली तिकडं!)

सुनेनं गाठोड्यातली लुगडी दांडीवर टाकली. शालूला खांद्यावर घेऊन मी गावात चक्कर मारून आले. काम काही नव्हतं.

संक्रांत, सोमवार

तिळगूळ. वन्सं फार गोड बोलतायत. कारण नुसता तिळगूळ दिसत नाही.

किंक्रांत, मंगळवार

दुपारी वन्संनी पदराखालनं भली मोठी मरळ काढून माझ्यापुढं ठेवली. चाँदभाईला निरोप कधी धाडला, देवाला ठाऊक. शेजारी सायीची वाटी ठेवली, काठोकाठ.

म्हणाल्या, "बघतीस काय? घाल धुरी. आन् वांगं नगं मिसळू ह्या टायमाला. आदीचंच ब्येस व्हतं."