दरीवरचं वळण

३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

मी गाडी घेतली. जुनी आहे, पण चढावर माझ्यापेक्षा कमी धापा टाकते. या वयात शिकवायला कुणी तयार होईना. शेवटी एक मास्तर मिळाले, तेही अर्धा वेळ डोळे मिटून बसायचे.

आता घरात पाय ठरत नाही. सकाळी रंगांची पेटी मागच्या सीटवर टाकली की निघाले. इतकी वर्षं खोलीत बसून फुलदाण्या रंगवल्या. एकही फुलदाणी कधी माझ्या अंगावर धावून आली नाही. रस्ता येतो. झाडं मोठी होत होत बाजूने निसटतात, लांबची टेकडी जागची हलत नाही, आणि आरशात सगळं लहान होत जातं. हे रंगात कसं पकडायचं, याचंच वेड लागलंय. म्हणून कॅनव्हास आडवे, लांबच लांब केलेत.

गॅलरीवाल्या बाई म्हणाल्या, लोकांना फुलंच हवी असतात. त्यांना गाडीत घालून घाटातून फिरवून आणलं. उतरल्यावर आधी पाणी मागितलं, मग प्रदर्शनाला मेमधली तारीख दिली.

भावजयीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी हसलो. मग हिने वाचलं, ती हसली नाही. वळणावर हॉर्न दे, क्लचवर पाय ठेवून बसू नकोस, आणि चित्र सुचलं म्हणून रस्त्याच्या मधोमध थांबू नकोस.

माझा गुडघा आता बरा आहे. अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. हिला वाटतं लावावा. मी विषय बदलतो. प्रदर्शनाला बसने येऊ.

माया असू दे, आणि ब्रेकवर लक्षही.

तुझा,
ढब्बू

२० एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

भिंतीवर दिसण्याआधी तुला सांगायला हवं. तुझी गाडी कठडा तोडून जिथे लटकली होती, त्या वळणावर मी गेले होते. म्हटलं होतं, न बघता पुढे जायचं. पण थांबले, आणि मग रोज जाऊ लागले. त्या दिवशी धुक्यात तुला काहीच दिसलं नसणार. खाली केवढी नदी आहे.

तिथलं चित्र झालंय. माझ्या हातून याहून चांगलं काही झालेलं नाही. तू नको म्हणालास तर लावणार नाही. रागाव, पण गप्प बसू नकोस.

तुझी,
ताई

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला होता. धुमसत बसलो. शेवटी ही म्हणाली की रागवायचंच तर जागा बघून तरी रागवा.

रविवारी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली. मीच चालवली. ही बाजूला बसून वाटभर एक अक्षर बोलली नाही. लग्नापासून असं पहिल्यांदाच घडलं. वळणाआधी हात इतके घामेजले की थांबून पुसावे लागले. मग नव्या कठड्याला टेकून खाली पाहिलं. ताई, इतके दिवस मी फक्त ते लटकणंच आठवत होतो. तिथून परत फिरायचं ठरलं होतं, पण घाट उतरून खाली नदीपर्यंत गेलो.

चित्र लाव. दारातून दिसेल असं लाव.

बसची तिकिटं काढलेली नाहीत. गॅलरीसमोर गाडी लावायला जागा मिळते का, तेवढं कळव.

तुझा,
ढब्बू