मासे आपल्याला बघत होते

आई, शनिवारी मी खोरफक्कानच्या पुढच्या त्या खडकांवर परत जाऊन आले. डोंगर तसाच कोरडा, तपकिरी, थेट समुद्रात उतरलेला, आणि पाणी इतकं नितळ की बुडाशी पडलेला शिंपला हात घालून उचलावासा वाटावा. आता बोगद्यांतून सरळ रस्ता झालाय, अजमानच्या घरून निघालं की दोन गाणी ऐकेपर्यंत आलोच असं वाटतं. तुम्हाला घेऊन गेलो तेव्हा सगळा वळणांचा रस्ता होता. तुम्ही पुढे, मी मागे, आणि बोलणारा एकटा तुमचा मुलगा.

आपलं बोलणं तेव्हा त्याच्यामार्फतच चालायचं. तुम्ही रत्नागिरीहून इकडे आखातात व्हिजिट व्हिसावर आलेल्या, मी पुण्याची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. "तिला विचार, भात लावू काय?" "आईंना सांग, मी लावलाय." भांडण एकदाही झालं नाही, सासू-सून म्हणून आपण फारच शहाण्यासारख्या वागत होतो, आणि त्या शहाणपणाने मला घरात गुदमरायला व्हायचं. व्हिसा संपत आला होता. "आता परत नाय येणार, माझं काय काम हितं," असं तुम्ही फोनवर कुणाला तरी म्हणालात तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगावं तेही कळेना. मग जेवताना तुम्ही सहज बोलून गेलात की खाडीवर गळ टाकून गरवायला बसून किती दिवस झाले, आणि त्याने तिथल्या तिथे शुक्रवार ठरवून टाकला.

खडकावर तुम्ही पदर खोचून बसता, तंगूस, ती गळाची नायलॉनची दोरी, बोटाला गुंडाळता, गळाला कोळंबी लावता आणि दोरीला बांधलेलं शिसं भिरकावता. हे सगळं इतक्या सफाईने की मी बघत राहते. शिसं बुडाशी टेकलेलं वरून दिसतं. मासेही दिसतात, इथे ज्याला शेरी म्हणतात ते, लांब तोंडाचे, रुपेरी. ते येतात, कोळंबीसमोर थांबतात, जरा विचार केल्यासारखं करतात आणि निघून जातात. तुम्ही आमिष बदललंत, गळ बदललात, जागा बदललीत. सकाळ अशीच गेली. तुमचा मुलगा कंटाळून गाडीत एसी लावून झोपला. जवळून एक म्हातारा अरब चालला होता. त्याने आपल्या दोघींची रिकामी बादली बघितली आणि हसून म्हणाला, "खलास, नो फिश टुडे." तुम्ही त्याला मराठीतच सांगितलंत, "तू जा रे बाबा, आम्ही बसतो."

"आमच्या खाडीचं पाणी गढूळ," तुम्ही पाण्याकडे बघतच म्हणालात. "तिथे मासा दिसत नाय, बोटाला कळतो. हितं तो मला बघतोय आणि मला तो दिसत नाय." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मोतीबिंदूमुळे तुम्हाला पाण्यातलं काहीच दिसत नव्हतं. आणि हे तुम्ही मला सांगितलं होतंत, मध्ये कुणी नसताना.

मी म्हणाले, "आई, आपली सावली पडली की ते पळतात. आणि तुमचं पातळ लाल आहे." तुम्ही पातळाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. मग मी गाडीतून मळकट रंगाची चादर आणली, ती तुम्ही डोक्यावरून गुंडाळून घेतलीत आणि आपण सरकत सरकत मोठ्या खडकाच्या आडोशाला गेलो. कोळंबी आपसूक तरंगत जावी म्हणून शिसं काढून टाकलं. मी खडकावर पालथी पडले, नुसते डोळे पुढे काढून.

"दिसतंय काय गो?"

"एक येतोय. डावीकडून. हळू."

"बोलत रहा."

"थांबला. हुंगतोय. वळला... गेला. नाही, परत आलाय. तोंड उघडलं."

"बोटाला काय लागत नाय."

"ओढा, आई, आत्ता."

आयुष्यभर बोटावर विश्वास ठेवलेली बाई माझ्या शब्दावर हिसका देते. तंगूस ताठ होतं, पाण्यात चांदीसारखं काहीतरी उलटंपालटं होतं, चादर घसरून पाण्यात जाते, तुम्ही ओढताय, मी तुम्हाला कंबरेला धरून बसलेय आणि आपण दोघी इतक्या हसतोय की मासा हातचा जाणार असं वाटतंय. गेला नाही. तुमचा मुलगा धावत आला तेव्हा शेरी बादलीत होता आणि आपण ओल्याचिंब. "काय झालं?" त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "तुला काय सांगायचं, तू झोप." परतताना तुम्ही मागे माझ्याशेजारी बसलात. वळणांवर माझा हात धरलात आणि म्हणालात, "पुढल्या वर्षाला येईन तेव्हा बारीक तंगूस आणून ठेव." आलात, त्या वर्षी आणि पुढेही, गुडघे चालत होते तोवर.

आता तुम्ही नाही, मी एकटी जाते. या शनिवारी ऊन कोवळं होतं, वारा नव्हता, पाणी काचेसारखं, म्हणजे मासे पकडायला सगळ्यात वाईट दिवस. दुपारपर्यंत आडोशाला पडून राहिले. शेरी येत होते, बघत होते, जात होते, लागला एकही नाही. एकाने तर कोळंबी तोंडात घेऊन पुन्हा बाहेर टाकली, आणि मी एकटीच खडकावर मोठ्याने हसले. घरी आले तर तुमची नात सोफ्यावरून न उठताच म्हणाली, "सो, एनी लक, मम्मा?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मी तिला दोन्ही हात लांब करून दाखवले आणि म्हटलं, एवढा लागला होता, सोडून दिला.