परत हाती आलेला नारळ

बेलव्ह्यू,
१० ऑगस्ट १९८७

प्रिय उत्तरा,

सकाळपासून कशात म्हणून लक्ष नाही. आमटीत दोनदा मीठ पडलं, ओल्याच कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. चारुदत्त कामावर गेलाय, आई खिडकीशी बसल्यात, आणि मी कागद पुढे ओढलाय. तू नणंद झालीस ती नंतर. आधी मैत्रीण, म्हणून हे तुलाच.

तुझ्या भावानं आईंच्या ग्रीन कार्डाचे कागद जमवलेत. पुढच्या महिन्यात सह्या. आई हो म्हणत नाहीत, नको म्हणत नाहीत. विचारलं की तू म्हणशील तसं, म्हणतात आणि भांडी घासायला उठतात. त्यांचा जीव हर्णैला आहे हे मला दिसतं, पोटच्या मुलाला दिसत नाही. राग येतो मला त्याचा.

काल रविवार, म्हणून तो आम्हाला सॅन वान बेटांकडे बोटीनं घेऊन गेला, ऑर्का बघायला, म्हणजे इथले काळे-पांढरे देवमासे. आईंना इथलं सगळं आवडावं म्हणून त्याची नुसती धडपड. खडकांवर लोळणारे सील दाखव, झाडाच्या शेंड्यावरचा गरुड दाखव. आई प्रत्येकाला छान म्हणाल्या. मग पाण्यातून उंच काळे पर वर आले, इंजिन बंद झालं, आणि त्यांच्या श्वासाचा फुस्स आवाज इतक्या जवळून आला की माझ्या अंगावर काटा आला.

सगळे कॅमेरे सरसावत होते तेव्हा आईंनी पिशवीतून नारळ काढला. काल नारळी पौर्णिमा ना! कुंकू लावून आणला होता, आम्हाला न सांगता. हात जोडून त्यांनी तो पाण्यात सोडला. बोटीवरची गाइड धावत आली. ऑर्कांजवळ काही टाकायचं नसतं म्हणून चांगलीच रागावली. चारुदत्त मान खाली घालून सॉरी सॉरी करत राहिला. तिनं लांब दांड्याच्या जाळीनं नारळ काढला आणि आईंच्या हातात परत दिला. समुद्राला वाहिलेला नारळ परत आला तर काय करायचं, हे आपल्याकडे कुणी सांगून ठेवलेलं नाही गं. आई तो मांडीवर घेऊन बसल्या.

नंतर तीच गाइड माइकवर सांगू लागली, की यांचे मुलगे मोठे झाले तरी जन्मभर आईला सोडत नाहीत. चारुदत्तला भलताच आनंद. त्यानं आईंना ते मराठीत सांगितलं, वर, बघ, यांनासुद्धा कळतं, असंही म्हणाला. आई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "पण ती तिच्या पाण्यात आहे रे. लेक तिच्याजवळ राहिलाय."

तो हसला. कळलं नाही म्हणून हसला की कळलं म्हणून, देव जाणे. मला मात्र तेव्हापासून चैन नाही.

उत्तरा, तुझी राखी त्याच्या हातात आहे. हे पत्र मिळाल्याबरोबर ट्रंक कॉल लाव आणि ओवाळणीत आई माग. तुला तो नाही म्हणणार नाही, आणि आईंना स्वतःच्या तोंडानं काही मागावं लागणार नाही. फक्त उशीर करू नकोस. काल परतताना मला उलटी झाली, ती सगळ्यांनी लाटांवर ढकलली; मीही ढकलली. मला दिवस गेलेत. अजून चारुदत्तलाही सांगितलेलं नाही. मला आई इथं हव्या आहेत गं, एकटीनं सगळं निभावायची भीती वाटते. पण त्यांना कळलं तर त्या हर्णैचं नाव काढायच्या नाहीत, हसत सही करतील. आणि आज सकाळपासून त्यांनी माझ्याकडे दोनदा निरखून पाहिलंय.

तुझीच,
विनीता