ओल्या रंगावर चिकटलेले तांदूळ

बाबूजी,

काळा रंग आणायले गोंदियाले जाऊन राहिलो. बाजेवर तुमच्या फियाटच्या मागच्या चाकाइवरचे कमानपाटे ठेवले आहेत, त्याइले हात लावू नका, गंज रोखायचा लाल रंग अजून ओला आहे. गंज वरवरचाच निघाला, आतलं लोखंड चांगलं आहे.

तुमाले न विचारता गाडी खोलली, तवापासून तुमी माझ्यासंग बोलून नाही राहिले. पण आज दसऱ्याची अवजारं पुजताना तुमी या पाट्याइवरही अक्षता टाकल्या, त्या रंगात चिकटल्या. पाहून जीव भांड्यात पडला. मी त्या खरवडत नाही, वरूनच काळा रंग मारतो.

गाडी जोडून झाली का पहिले तुमीच चालवा. चाबी तुमच्या चष्म्याजवळ ठेवली आहे.

उमेंद्र