बटणावरचा पडदा

प्रिय दादा,

तुला पत्राचा शेवट आधी वाचायची सवय आहे, म्हणून मुख्य बातमी सुरुवातीलाच सांगून टाकते. आई ठीक आहे. हे मी फोनवर तुला बरेच दिवस सांगत होते, पण तेव्हा ते तुझ्या समाधानासाठी होतं, आणि आपल्या दोघांनाही ते माहीत होतं. आज मात्र अगदी खरं सांगतेय. काल रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. सकाळी उठल्यावर आधी वाटलं, काहीतरी करायचं राहून गेलंय. मग लक्षात आलं, राहिलं काही नाही, फक्त काळजी नाहीये.

आपलं ठरलं होतं की मुलांच्या परीक्षा झाल्या की तू येशील, आईला कायमची तुझ्याकडे नेशील आणि तिचं घर तू शोधलेल्या भाडेकरूंना देऊन टाकू. त्यामागचं कारण आपण एकमेकांशीही धड शब्दांत बोललो नाही. तू म्हणायचास, 'आता तिला एकटं ठेवणं बरं नाही', मी म्हणायचे, 'हो दादा'. 'विसरायला लागली आहे' हे वाक्य आपण दोघांनीही टाळलं. ते फक्त वहिनी म्हणाली, आणि मला तिचा राग आला. तो राग चुकीचा होता हे मला तेव्हाही कळत होतं.

सगळं सुरू झालं ते पोहण्याच्या तलावावरून. रोज सकाळचं पोहणं, बाबा गेल्यानंतर आईने धरलेली ही एकच गोष्ट. पूर्वी नुसतं जाऊन पास दाखवला की झालं. मग त्यांनी वेळेचं बुकिंग वेबसाइटवर नेलं. आई घरून टॅबलेटवर वेळ घ्यायची, टॉवेल-टोपी घेऊन पोचायची, आणि फाटकावरचा रखवालदार म्हणायचा की यादीत तुमचं नाव नाही. कधी असायचं, कधी नसायचं. ती म्हणायची, मी बटण दाबलंय. तो म्हणायचा, 'आजी, घरी कुणाला तरी करायला सांगत जा ना.' त्यातलं 'आजी' तिला जास्त झोंबलं. एके दिवशी ती तिथे इतकी भांडली की तलावाच्या ऑफिसातून मला फोन आला. बोलणारी बाई फार सौम्यपणे बोलत होती, आणि त्या सौम्यपणानेच मी घाबरले.

मग आपण दोघांनी तपासून पाहिलं. तू तुझ्या फोनवरून बुकिंग केलंस, झालं. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून केलं, झालं. मी आईला म्हटलं, 'अगं, माझ्याकडे तर चालतंय.' दादा, माझं पोट वेबसाइटच्या दुरुस्तीवर चालतं. ऑफिसात कुणी 'माझ्याकडे चालतंय' म्हणालं तर मी त्याला खुर्चीवरून उठवते आणि ज्याच्याकडे चालत नाही त्याच्या शेजारी नेऊन बसवते. आईच्या बाबतीत मला हे का सुचलं नाही, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, चूक वेबसाइटच्या पानात शोधायची सोडून मी ती आईत शोधायला लागले होते, आणि एकदा शोधायला लागलं की सापडतेच. करपलेलं पातेलं सापडलं. दोनदा सांगितलेली तीच गोष्ट सापडली. माझ्या स्वतःच्या घरात गेल्या महिन्यात किती पातेली करपली, ते मी मोजलं नाही.

आईने पुढे भांडणं सोडलं. तुला वाटलं, बरं झालं, निवळली. ती निवळली नव्हती. तिने तलावावर जाणंच सोडलं आणि गुडघ्यांचं कारण सांगायला लागली. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघायची. मला फोन करून विचारायची, 'मी तुला सकाळी फोन केला होता का गं?' तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून शेकडो नंबर डोक्यात बाळगणारी ही बाई. तिने स्वतःवरच अविश्वास दाखवायला सुरुवात केली होती.

रविवारी मी तिच्याकडे गेले होते. आरामखुर्चीत बसून ती टॅबलेटवर काहीतरी वाचत होती. सहज म्हटलं, चल, पुढच्या आठवड्याची वेळ घेऊ. ती नको म्हणाली. मी हट्ट धरला, पण या वेळी टॅबलेट माझ्या हातात घेतला नाही. तिलाच करू दिलं, मी फक्त बघत राहिले. तिने वेळ निवडली, ती हिरवी झाली. खालून एक पट्टी वर आली, तिच्यावर 'नक्की करा' असं बटण. आईने ते नीट, मधोमध दाबलं. पान टुणकन उडी मारून वर गेलं, पहिल्या मजकुराशी. 'झालं,' आई म्हणाली. 'झालं की ते असं वर नेतं.' बुकिंग झालंच नव्हतं. मी मग तोच टॅबलेट जेवणाच्या टेबलावर आडवा टेकवून ठेवला आणि तिला पुन्हा करायला सांगितलं. या वेळी नाव लागलं. कधी असायचं, कधी नसायचं, ते असं! खुर्चीत बसून टॅबलेट उभा धरला की नाही, टेबलावर आडवा ठेवला की हो.

मी वायरने टॅबलेट माझ्या लॅपटॉपला जोडला आणि पानावरच्या प्रत्येक थराला रंग दिला. आमची ही जुनी युक्ती आहे. काय कशावर पडलंय ते दिसतं. बटणावर एक गुलाबी पडदा पसरलेला. पान उघडताना सुट्ट्यांची सूचना येते, ती वाचून 'समजलं' दाबायचं असतं. दाबल्यावर ती जात नाही, फक्त पारदर्शक होते आणि तिथेच पडून राहते. नव्या ब्राउझरला सांगून ठेवलंय की या पडद्याला स्पर्श लागू देऊ नकोस, बोट आरपार जाऊ दे. आईच्या टॅबलेटातला जुना ब्राउझर ती आज्ञा ओळखतच नाही. म्हणजे आईचं बोट 'नक्की करा'वर पडायचं, पण लागायचं त्याच्यावरच्या न दिसणाऱ्या 'समजलं'ला, आणि ते बिचारं आपलं काम करून पान वर न्यायचं. आडवं धरलं की दोन्ही बटणं एकमेकांवर येत नाहीत.

आईने गुलाबी रंग पाहिला आणि विचारलं, 'हे आत्ता आलं का?' मी म्हटलं, नाही, हे पहिल्यापासून होतं. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बराच वेळ भांडी घासत राहिली. घासायला भांडी नव्हतीच फारशी. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि आवाज मात्र ऑपरेटरचा. म्हणाली, 'त्या फाटकावरच्याला दाखवायला याचा फोटो काढून दे.'

दुसऱ्या दिवशी मी तलावाच्या ऑफिसला फोटो पाठवला. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलीचं उत्तर आलं, 'मॅडम, आमच्याकडे चालतंय.' मी मोठ्याने हसले. तिने आधी बटणाच्या पट्टीचा थराचा क्रमांक वाढवून पाहिला, नऊवर नऊ लावत गेली. क्रमांक मोठा म्हणजे थर वर, असं आम्हा सगळ्यांनाच सुरुवातीला वाटतं. पण पट्टी ज्या चौकटीत बसलीय तीच पडद्याखाली असेल, तर आतला क्रमांक कितीही वाढवा, तो त्या चौकटीपुरताच. शेवटी तिने वाचून झालेली सूचना पानावरून काढूनच टाकली. बुधवारी तिचा फोन आला. सकाळी येणाऱ्या आणखी काही म्हाताऱ्यांचं बुकिंग अचानक सुरळीत झालंय म्हणे. त्यांच्या घरी काय काय ठरलं असेल, देव जाणे.

आता तू म्हणशील, एका बटणावरून एवढं ठरवू नकोस. मीही स्वतःला तेच म्हटलं. आनंदाच्या भरात मी पुन्हा एकाच बाजूचे पुरावे गोळा करत नाही ना? म्हणून तू सुचवलेल्या डॉक्टरांची वेळ मी रद्द केली नाही. काल आम्ही गेलो. त्यांनी तास-दीड तास प्रश्न विचारले. आईने सगळी उत्तरं दिली, वर त्यांच्या सहायकाला फोनवर नीट बोलायचं कसं ते शिकवलं. वयाच्या मानाने उत्तम, वर्षाने पुन्हा दाखवा, असं ते म्हणाले. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, कुणालाच नसतं. पण आज ती ठीक आहे.

परतताना बसमध्ये आईने सहज विचारावं तसं विचारलं, 'भाडेकरू कधी येणारेत?' आपण तिच्यापासून लपवलं होतं, आणि तिला सगळं ठाऊक होतं. कुठलं कपाट ठेवायचं, कुठलं द्यायचं, तेही तिने ठरवून टाकलं होतं. तुमचं चुकत नाही, असं तिला वाटत होतं, म्हणून ती गप्प होती. मी तिचा हात धरला, आणि तेव्हाच हे पत्र लिहायचं ठरवलं. फोनवर तू समजावशील आणि मी सवयीने 'हो दादा' म्हणेन, म्हणून लिहून सांगते: मी दिलेला होकार परत घेतेय. घराच्या करारावर मी सही करणार नाही. भाडेकरूंना तूच कळव. परीक्षा झाल्या की मुलांना घेऊन ये, महिनाभर राहा, आई तुमची वाट बघतेय, तिच्या घरी. आणि तिला फोन करशील तो दहानंतर कर. सकाळी ती घरी नसते.

तुझीच,
धाकटी